तिसरं कडवं

छापखान्यातून पत्रकं आली आणि उज्वलाचं डोकंच फिरलं. दीडशे पत्रकं, गुळगुळीत कागद, वर आईचा हसरा फोटो, फोटोखाली ‘ख्रिस्तवासी सिंधुबाई त्रिभुवन यांच्या प्रथम स्मृतिदिनानिमित्त उपासना’, सगळं जिथल्या तिथं. शेवटच्या पानावर आईचं मेंढपाळाचं गाणं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, मग चार ओळींची कोरी जागा आणि तिच्याखाली चौथं कडवं. तिसऱ्याचा पत्ताच नाही!

तशीच स्कूटी काढून ती रविवार कारंजावर गेली. छापखानेवाला बिचारा हातातला वडापाव ठेवून उठला. त्यानं कॉम्प्युटर उघडला, तर पडद्यावर चारही कडवी स्वच्छ. तिच्यासमोर एक प्रत काढली, तीत तिसरं कडवं होतं. मग गठ्ठ्यातली दहा-बारा उलटून पाहिली, सगळी कोरी.

“ताई, आईशप्पथ, एकाच फाईलीवरून काढलीत,” तो म्हणाला. “परत छापून देतो. पैसे नकोत.”

शुक्रवारी दुसरा गठ्ठा तयार झाला. उज्वलानं दुकानातच वरची चार पाहून घेतली, ठीक होती. घरी येऊन दोरी सोडली, तर सगळीच्या सगळी पुन्हा तशीच, मधे चार ओळी मोकळ्या. शाई पुसली म्हणावं तर डाग नाही. तिनं त्या जागेवरून बोट फिरवलं. कागद तेवढ्याच ठिकाणी गार लागत होता. मशीनचा दोष असणार, दुसरं काय, असं ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली. घरात कुणी नसताना माणूस मोठ्यानं बोलायला लागलं की समजावं, त्याचा स्वतःवर विश्वास बसलेला नाही. छापखान्यात समोर काढलेली ती एक प्रत मात्र पर्समध्ये शाबूत होती. रविवारी उपासनेत गाताना तीच हातात धरायची, असं तिनं ठरवून टाकलं.

आता या तिसऱ्या कडव्याची गोष्ट सांगायला हवी. हे गाणं नव्या गीतपुस्तकात नाही. जुन्यातून ते कधीतरी गळालं आणि उरलं फक्त सिंधुबाईंच्या निळ्या वहीत आणि शरणपूरकडच्या त्यांच्या चर्चमधल्या लोकांच्या तोंडी. तोंडी म्हणजे तीनच कडवी बरं का. दुसरं संपलं की सगळी मंडळी गप्प उभी राहते. गंगाधर मास्तर पेटीवर तिसऱ्या कडव्याची चाल नुसती वाजवतात आणि मग चौथं सुरू होतं. पाहुणे मंडळी दरवेळी तिथं फसतात, तोंड उघडतात आणि ओशाळून मिटतात. नवे पाळकसाहेब तर उपदेशात सांगतात की हे मौन म्हणजे प्रभूसाठी मोकळी ठेवलेली जागा. लोक माना डोलावतात. ही जागा मुळात मोकळी पडली कशी, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. पंचेचाळीस वर्षांत प्रथा इतकी अंगवळणी पडली की ती कुणी पाडली याचाच विसर पडला.

पाडली होती सिंधुबाईंनी. बाई बालवाडीत शिकवायच्या आणि रविवारी चर्चमध्ये पुढं उभं राहून गायच्या. आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारा माणूस नीट सावरून बसायचा. पण उभ्या कुठं राहायच्या, तर अगदी बाजूच्या दाराला लागून. चपला दाराबाहेर, तोंडं रस्त्याकडे करून ठेवलेल्या. आणि घरातून निघताना आधी पोरीच्या कपाळाला उलटा हात लावून बघायच्या. ताप नाही ना? मग चला. अंग जरा जरी कोमट लागलं की गाणं रद्द, मग नाताळ असो की आणखी काही. उज्वलाच्या लग्नाच्या दिवशी, तिच्या माथ्यावर पांढरी ओढणी चढलेली, फोटोग्राफर खोळंबलेला, आणि बाईंनी सगळ्यांदेखत तिच्या कपाळाला उलटा हात लावला. बोटातल्या झिजलेल्या अंगठीची कड तिला टोचली. पाहुणे हसले, उज्वला लाजेनं लाल झाली.

अशी जिवापाड जपणारी आई, पण एका गोष्टीत तिनं पोरीला कायम मागं ठेवलं. अख्ख्या गल्लीतली मुलं शिकवली, त्यांना पुढं उभं केलं, आणि स्वतःच्या मुलीला? एकदाही नाही. “पुढं गाणाऱ्याला मधून उठता येत नाही गं,” एवढंच म्हणायची. उज्वला बारा वर्षांची असताना म्हणाली, तीस वर्षांची असताना म्हणाली, आणि आरोही झाल्यावर तर विषयच संपला. उज्वलाला वाटायचं, आईला आपली जागा सोडवत नाही. ते तिच्या मनात इतकं खोल रुतलं होतं की आई गेली त्या दिवशीही, रडता रडता, ते आठवलं होतं. त्याची तिला लाज वाटायची आणि तरी ते जात नव्हतं. म्हणून हा रविवार तिला हवा होता. एकदाच आईच्या जागी उभं राहायचं आणि आईनं न म्हटलेलं कडवंसुद्धा म्हणायचं. मग बघू कोण म्हणतं, सिंधुबाईंची पोरगी नुसती कोरसातली.

शुक्रवारी संध्याकाळी ती पेटी घेऊन बसली. पेटी आईचीच. आरोही, साडेचार वर्षांची, शेजारी बसून रंगाच्या खडूनं पत्रकावरच्या आजीला मिशा काढत होती. पहिली दोन कडवी छान झाली. तिसऱ्याची पहिली ओळ उज्वलानं उचलली आणि खोलीत ज्येष्ठमधाचा वास आला. गाण्याआधी आई तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरायची. घरात वर्षभरात ज्येष्ठमध आणलं नव्हतं.

“आजी आली,” आरोही मान वर न करता म्हणाली.

“कोण आली?”

“आजी. सकाळी पण आली होती. मला असं करते.” आणि तिनं आपला चिमुकला हात उलटा करून कपाळाला लावला. “तिचा हात गार असतो.”

 उज्वला शेवटी आईच, तिला आधी तापच आठवला. थर्मामीटर लावला. ताप नाही. दुसऱ्यांदा लावला. नाही.

“काय म्हणाली आजी?”

“म्हणाली, माझं गाणं राहिलंय.” मग जरा विचार करून पोरगी म्हणाली, “झालं की जाणार आहे.”

उज्वलानं पेटीचा भाता बांधून टाकला आणि उगाचच स्वयंपाकघरातला दिवा लावला. रात्री कुंदनला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, आजीची आठवण येते पोरीला. पत्रकावर फोटो बघितला असेल.” कुंदन अंबडच्या कंपनीत सुपरवायझर. त्याच्याकडं प्रत्येक गोष्टीला कारण तयार असतं.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये तालीम होती. गंगाधर मास्तर काठी टेकत आले. वय अठ्ठ्याहत्तर, घसा कधीचा बसलेला, पण बोटं अजून तरुण. “सलाम, मास्तर,” म्हणत उज्वलानं त्यांच्यापुढं पर्समधली ती प्रत ठेवली. म्हाताऱ्यानं चष्मा वर ढकलून वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला.

“तिसरं मी नुसतं वाजवीन. शब्द म्हणायचे नाहीत.”

“का पण?”

“तुझ्या आईला वचन दिलंय.”

“कसलं वचन? आई गेली मास्तर! तिनं मला कधी इथं उभं राहू दिलं नाही, आणि आता गेल्यावरही अडवणार का? एक दिवस मागतेय मी, एक दिवस!” आवाज घुमला. रिकाम्या चर्चमध्ये तो तिला स्वतःलाच भांडखोर वाटला.

मास्तर बराच वेळ पेटीच्या पट्ट्यांवरची धूळ पुसत राहिले. तिथं धूळ मुळी नव्हती. शेवटी म्हणाले, “तू अगदी तिच्यासारखी हट्टी. गा बाई. मी पेटी थांबवणार नाही. पण मला एक सांग, आरोही बरी आहे ना?”

“बरी आहे. तिचं काय मधेच?”

“सहज विचारलं.”

तिनं गायला सुरुवात केली. दोन कडवी झाली आणि तिसऱ्याच्या पहिल्याच शब्दाला बाजूचं दार उघडलं. ते दार फुगलेलं आहे. खांदा लावून ढकलल्याशिवाय उघडत नाही, हे चर्चमधल्या लेकरालाही ठाऊक. ते आवाज न करता, सावकाश, पूर्ण उघडलं आणि तसंच राहिलं. बाहेर ऊन होतं, वारा नव्हता. मास्तरांनी दाराकडं पाहिलं आणि भिण्याऐवजी मान लववली, एखाद्या ओळखीच्या माणसाला लववावी तशी. उज्वलानं कागद मिटला. तालीम तिथंच संपली.

रविवारी सकाळी आरोही उशिरा उठली. डोळे जड. उज्वलानं हात लावला, कोमट. थर्मामीटरनं शंभरच्या खाली दाखवलं. कुंदन पहाटेच खुर्च्या आणि नाश्त्याचं बघायला चर्चमध्ये गेला होता. उज्वला हातात पोरीचा फ्रॉक धरून दोन मिनिटं नुसती उभी राहिली. आई असती तर काय केलं असतं, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. पण दीडशे माणसं येणार, लासलगावहून मामा निघालेले, पाळकसाहेबांचा फोन येऊन गेलेला. आणि खरं सांगायचं तर, आजचं सुटलं की पुन्हा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं पोरीला तापाचं औषध पाजलं आणि खालच्या अक्काबाईंना हाक मारली.

अक्काबाई घरमालकाच्या आई, देवळ्याकडच्या, माळकरी. सिंधुबाईंशी त्यांचं फार गूळपीठ होतं. त्या जिना चढून धापा टाकत आल्या. “जा गं तू, बिनघोर जा. मी हे ना इथं. लय काळजी करते बघ, आईवर गेलीस.”

“अक्का, झोपली तरी बघत राहा हं. अंग तापलं तर लगेच फोन करा.”

“हो गं बाई, हो.”

दार ओढताना आरोहीनं हाक मारली. “आई, आजी म्हणते तू नको जाऊ.”

उज्वला थांबली. मग तिला राग आला. कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. “गाणं झालं की पळत येते,” ती म्हणाली आणि निघाली. चर्च पाच मिनिटांवर.

चर्च भरलेलं होतं. प्रार्थना झाली, वाचन झालं, मामांनी आईचं जीवनचरित्र वाचलं. बालवाडीतली नोकरी, लवकर आलेलं वैधव्य, शिलाई करून मुलीला पदवीपर्यंत शिकवणं, कुणाच्याही घरी मयत असो की बारसं, सिंधुबाई हजर. ‘त्यांना दोन कन्या. थोरली सुवर्णा बालपणीच प्रभूकडे गेली, धाकटी उज्वला.’ सुवर्णाचं नाव उज्वलाला ठाऊक होतं. कबरस्तानात एक छोटी कबर होती, ईस्टरला आई तिथं फुलं ठेवायची आणि काही विचारलं तर म्हणायची, “ताप होता.” त्यापुढं कधी बोलली नाही.

मग उज्वला उठली. आईच्या जागी, बाजूच्या दाराजवळ उभी राहिली. दार बंद होतं. मोबाईल पर्समध्ये, पर्स कुंदनजवळ, पुरुषांच्या बाजूला. हातात ती एकुलती एक प्रत. मास्तरांनी सूर धरला.

पहिलं कडवं चांगलं झालं. दुसऱ्याला तर मंडळीनंही सूर मिळवला आणि उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आई, बघ गं. दुसरं संपलं. सवयीनं सगळे गप्प झाले. त्या शांततेत उज्वलानं तिसरं उचललं.

“नव्व्याण्णव ती उभीच राहो,
एक कोकरू मागे राही…”

माना वर झाल्या. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. ज्येष्ठमधाचा वास असा आला, की कुणीतरी अगदी गालाजवळ श्वास सोडतंय. आणि उज्वलाच्या कपाळाला हात लागला.

उलटा हात. गार. अंगठीची झिजलेली कड भुवईच्या वर नेमकी टोचली. लग्नाच्या दिवशी टोचली होती तिथंच. उज्वला गात होती, तोंडातून शब्द निघत होते, “अर्ध्या वाटेवरून…” आणि तिच्या कानाशी कुणी काही बोललं नाही, कुणी दिसलं नाही, फक्त तो हात कपाळावर दाबून धरलेला, आई घाबरली की दाबायची तसा. तिच्या उजव्या बाजूला ते फुगलेलं दार सावकाश उघडलं.

आरोही.

पुढं गाणाऱ्याला मधून उठता येत नाही. आईचं वाक्य तिला आठवलं आणि पाय जागीच रुतले. पुढं दीडशे माणसं, मागं पेटी चालू, दोन ओळी उरलेल्या. फक्त दोन! दोन ओळींना किती वेळ लागतो? म्हणून घ्याव्यात आणि जावं. एवढाच विचार, डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा. कपाळावरचा हात सरकून तिच्या पाठीवर आला आणि तिला ढकललं. चांगलं जोरात ढकललं.

हातातला कागद पडला. ओळ अर्धीच टाकून उज्वला दारातून बाहेर पडली, चपला न घालता, साडीचा घोळ मुठीत धरून. रस्त्यावर भाजीची गाडी होती, तिला धक्का लागला, कोणीतरी “ओ ताई!” म्हणून ओरडलं. तिला नुसता पायाखालचा डांबरी रस्ता कळत होता.

जिना चढून ती आत शिरली तेव्हा अक्काबाई तिथं नव्हत्या. पोर झोपलीय बघून त्या खाली शेगडीवरचं दूध उतरवायला गेल्या होत्या. आरोही पलंगावर उताणी होती. डोळे वर, दात घट्ट, हातपाय ताठ होऊन झटके देत होते. तोंडातून उलटी आली होती आणि ती घशात घर्र घर्र वाजत होती. ओठ निळे पडायला लागले होते.

उज्वलानं तिला कुशीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं, मान कलती धरली. बालवाडीतल्या एका मुलाला आईनं असं धरलेलं तिनं लहानपणी पाहिलं होतं. “देवा, देवा, देवा,” एवढंच तिच्या तोंडून निघत होतं. घशातलं सगळं चादरीवर सांडलं. मग एक खोल, खरखरीत श्वास. मग रडणं. त्या रडण्याएवढा गोड आवाज उज्वलानं आयुष्यात ऐकला नव्हता. तेवढ्यात कुंदन मोटरसायकलवर पोचला, मागून अक्काबाई छाती पिटत आल्या, आणि खालच्यांच्या गाडीतून सगळे दवाखान्यात गेले.

तापाचे झटके होते. ताप अर्ध्या तासात एकशे चारवर गेला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि शांतपणे म्हणाल्या, “या वयात येतात असे झटके, घाबरू नका. पण उताणी होती आणि उलटी घशात होती, म्हणजे… बरं झालं तुम्ही वेळेवर आलात. दोन मिनिटं इकडची तिकडं झाली असती तर मी तुम्हाला काही सांगू शकले नसते.”

उज्वला दवाखान्याच्या बाकावर बसली. कुंदननं तिला पाणी दिलं.  त्याच्या हातावरचे केस उभे होते, ते तिला दिसले, पण तेव्हा तिनं विचारलं नाही.

सोमवारी दुपारी आरोहीला घरी आणलं. ताप उतरला होता. तिसऱ्या प्रहरी गंगाधर मास्तर काठी टेकत जिना चढून आले. उज्वलानं पुढं होऊन त्यांचा हात धरला.

“मास्तर, माफ करा. मी अर्ध्यात टाकून पळाले. आईच्या उपासनेचा पार विचका केला.”

मास्तर खुर्चीत बसले. त्यांनी आधी झोपलेल्या आरोहीकडं पाहिलं, मग उज्वलाकडं. “विचका? कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला हवं? दोन ओळी राहिल्या ना.”

“राहिल्या नाहीत,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे? तुम्ही म्हटल्या? मंडळीनं म्हटल्या?”

“माझा घसा कसा आहे, ठाऊक आहे तुला. आणि मंडळीला शब्द कुठं येतात? पत्रकात जागा कोरी, वही तुझ्या घरात.” म्हाताऱ्यानं काठी दोन्ही हातांनी धरली. “ऐक. आज तुला सांगतो. पंचेचाळीस वर्षं सांगितलं नाही, कारण तिनं सांगू दिलं नाही. झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. सुवर्णा तीन वर्षांची, अंगात ताप. सिंधूनं तिला शेजारणीवर सोपवलं आणि गायला आली, कारण पुढं गायची तीच होती. हेच गाणं. तिसऱ्याची पहिली ओळ चालू आणि शेजारीण बाजूच्या दारात येऊन हात करायला लागली. मी पाहिलं, सिंधूनं पाहिलं. तिनं दोन बोटं वर केली. दोन मिनिटं थांब. कडवं पुरं केलं आणि मग धावली.”

 खाली अक्काबाई कुणाशी तरी बोलत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

“पोर गेली होती. नुकतीच. अंग ऊन होतं अजून. सिंधू मला एकदाच म्हणाली, ‘भाऊ, त्या कडव्यातला मेंढरांचा धनी एका कोकरासाठी अर्ध्या वाटेवरून फिरला आणि मी ओळ पुरी करत बसले.’ पुन्हा गायला लागली तेव्हा तिसऱ्याला तिचं तोंड उघडेना. मी नुसती पेटी वाजवली. तेव्हापासून तसंच.”

उज्वलाचा हात तोंडावर गेला. पुढं गाणाऱ्याला मधून उठता येत नाही. ते वाक्य आईनं किती वर्षं, कशा आवाजात म्हटलं होतं, ते तिला आत्ता पहिल्यांदा ऐकू आलं. “आणि मला वाटलं,” ती कशीबशी म्हणाली, “मला वाटलं तिला माझं गाणं बघवत नाही. अठ्ठावीस वर्षं मी तिच्यावर रुसले, मास्तर.” आणि ती ढसाढसा रडली.

मास्तरांनी तिला रडू दिलं. मग हळू म्हणाले, “काल तू ‘अर्ध्या वाटेवरून’ म्हणालीस आणि दारातून गेलीस. मी मान खाली घालून वाजवत होतो. ओळ तुटली नाही, उज्वला. पुढचा शब्द त्याच जागेवरून, त्याच श्वासात आला. लोकांना वाटतंय तूच म्हटलंस. मला चार जणांनी सांगितलं, उज्वलानं काय पुरं केलं कडवं! पण मी त्या आवाजाला जन्मभर साथ दिलीय. शेवटच्या ‘धावत जाई’वर ती नेहमी एक श्वास जास्त थांबायची, मी तिच्यासाठी भाता एकदा जादा दाबायचो. काल माझ्या हातानं तो दाबला. आपोआप.”

दारात कुंदन चहाचे कप घेऊन उभा होता. कधीपासून, कोण जाणे.  “मी तुझ्यामागं बाहेर आलो ना,” तो उज्वलाला म्हणाला, “तू समोर रस्त्यावर पळताना दिसत होतीस. आणि आत गाणं चालू होतं.”

 चहा तसाच राहिला.

आवाजानं आरोही चाळवली. उज्वलानं डोळे पुसून तिच्याजवळ बसत कपाळाला हात लावला, आणि आपण तो उलटा लावलाय हे तिच्या ध्यानात आलं. कपाळ गार होतं, नुसतं पोरांचं असतं तेवढं. पोरीनं डोळे किलकिले करून हाताकडं पाहिलं, मग आईकडं.

“तू आहेस होय,” ती म्हणाली. जरा हिरमुसलीच. “आजी नाही येणार आता.”

“का गं?”

“तिचं गाणं झालं ना.”